बिऱ्हाड मोडल्याचा हिशेब

मनुष्य पोटासाठी आपले गाव सोडून परगावी गेला म्हणजे त्याने तेथे किती मिळविले, याची चौकशी सारे करतात. सुटीत घरी आल्यावर शेजारी त्याला पगार विचारतात. अर्थशास्त्रज्ञ त्याने गावी धाडलेल्या पैशांची बेरीज मांडतात. मालकाच्या वहीत त्याची हजेरी लागते. परंतु त्या जाण्यात त्याने काय गमावले, याची नोंद सहसा कोठेच होत नाही. बिऱ्हाड मोडणे हा एक खर्च आहे आणि इतर कोणत्याही खर्चाप्रमाणे तो कोणाला तरी सोसावाच लागतो. हा खर्च कोण सोसतो, आणि ज्याला मजुराच्या स्थलांतराचा लाभ होतो तो त्यातील किती भाग उचलतो, एवढाच प्रश्न या भाषणापुरता घ्यावयाचा आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी दूरदेशी जाण्याचे कारण नाही. मुंबईच्या उत्तरेस, वसईची खाडी ओलांडल्यावर लागणारे माणिकपूर डोळ्यांपुढे ठेवले म्हणजे पुरे.

माणिकपूर हे वसई रोड स्थानकाच्या पश्चिमेचे जुने गाव. येथील संत मायकेलचे चर्च १६०६ सालचे. भोवताली केळीच्या बागा, पानवेली, फुलझाडे आणि भाजीपाल्याच्या वाड्या, विहिरीवर रहाट, पहाटेच्या गाडीने मुंबईच्या बाजारास जाणाऱ्या टोपल्या, असे या भागाचे रूप कित्येक पिढ्या होते. विरारहून मुंबईस पहिली लोकल गाडी १२ एप्रिल १८६७ रोजी सुटली; तेव्हापासून मुंबईची बाजारपेठ वसईच्या वाड्यांना जवळची झाली. ज्या रुळांवरून इकडची भाजी तिकडे गेली, त्याच रुळांवरून पुढे तिकडची माणसे इकडे आली. नवघर-माणिकपूर नगरपरिषदेच्या हद्दीत २००१ च्या जनगणनेत सुमारे १ लाख १७ हजार लोक मोजले गेले. ३ जुलै २००९ रोजी ही नगरपरिषद वसई, नालासोपारा व विरार येथील नगरपरिषदांसह आणि आसपासच्या गावांसह वसई-विरार महानगरपालिकेत विलीन झाली, आणि २०११ मध्ये या संपूर्ण शहराची लोकसंख्या १२ लाख २२ हजारांच्या घरात गेली. एवढी माणसे केवळ हौसेने येत नाहीत. त्यांतील पुष्कळांना कोठून तरी उठावे लागलेले असते.

उठावे लागणे म्हणजे काय, हे प्रथम नीट समजून घेतले पाहिजे. मजुराजवळ दोन प्रकारचे धन असते. एक त्याच्या हातातील कसब. ते तो जेथे जाईल तेथे त्याच्याबरोबर जाते. दुसरे धन म्हणजे त्याची पत. महिनाअखेर वाणी त्याला उधार देतो. खोलीचा मालक आठ दिवस भाड्यासाठी थांबतो. मुकादम त्याचे काम जाणतो म्हणून त्याला आधी हाक मारतो. भिशीत त्याचे नाव असते. शेजारीण त्याचे मूल सांभाळते. ही सारी पत त्या गल्लीत, त्या नाक्यावर, त्या माणसांत रुजलेली असते. ती ट्रंकेत भरून नेता येत नाही. स्थलांतर झाले की कसब शिल्लक राहते आणि पत शून्यावर येते. नव्या जागी तोच गवंडी अनोळखी ठरून बिगाऱ्याच्या दराने उभा राहतो. वाणी रोख मागतो. खोलीसाठी अनामत भरावी लागते. आजारपणात कर्ज मिळते, पण ते दुप्पट व्याजाने.

हे नुकसान पैशांत मोजणे अवघड असले तरी दिवसांत मोजता येते. समजा, एक गवंडी परप्रांतातून माणिकपुरास आला. प्रवासात त्याचे दोन दिवस गेले. खोली मिळेतो तीन दिवस गेले. नाक्यावर ओळख होईपर्यंत पहिल्या महिन्यात दहा सकाळी तो काम न मिळता परतला. पुढे काम लागले, पण ओळख नाही म्हणून ठेकेदाराने पहिल्या पंधरवड्याची मजुरी अडकवून ठेवली. परतीचे दोन दिवस धरले तर सतरा दिवस निव्वळ बुडाले आणि पंधरा दिवसांचे पैसे परक्याच्या खिशात अडकले. म्हणजे सहा महिन्यांच्या हंगामातील महिनाभराची कमाई स्थलांतराच्या मार्गातच खर्ची पडली अथवा अडकून राहिली. ठेकेदाराच्या अंदाजपत्रकात विटा, सिमेंट आणि लोखंड यांची वाहतूक मांडलेली असते. माणसाची वाहतूक मात्र ज्याची त्याने करावयाची असते.

या हिशेबाचे पहिले उदाहरण मुंबईच्या गिरणी कामगारांचे. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. तो रीतसर मागे घेतला गेलाच नाही. गिरण्या मात्र एकामागून एक थंडावल्या. लालबाग, परळ, डिलाईल रोड या भागांतील पुष्कळ कुटुंबांनी पुढील काळात खोली विकून अथवा मिळालेल्या देण्यातून वसई, नालासोपारा, विरार या बाजूस घरे घेतली. वरवर पाहता हा फायद्याचाच सौदा होता. दहा बाय बाराच्या खोलीऐवजी स्वतंत्र संडास-मोरीचे घर मिळाले. परंतु गिरणगावात कामगाराची पत गिरणीच्या नोकरीवर आणि गावकीच्या खोलीवर उभी होती. एकटा आलेला कोकणी तरुण खाणावळीत महिनाभर उधारीवर जेवत असे, कारण खाणावळवालीला त्याचे गाव, त्याचे खाते आणि पगाराची तारीख ठाऊक असे. ती साखळी तुटली. मागावर वीस वर्षे काम केलेला मनुष्य वसईच्या पूर्वेस वालीव, सातिवली, गोखिवरे येथील गाळ्यांत पाळी धरू लागला किंवा कोठे पहारेकरी झाला. त्याचे जुने कसब तेथे निरुपयोगी ठरले. घर बदलले आणि त्याबरोबर वर्गही बदलला. कायम कामगाराचा रोजंदार झाला.

या कामगारांना घरे देण्याचा विचार राज्यकर्त्यांनी केला नाही असे नाही. गिरण्यांच्या जमिनीवर बांधलेल्या सुमारे सात हजार घरांची पहिली मोठी सोडत २०१२ मध्ये निघाली. संप सुरू झाला तेव्हा जो तिशीत होता, तो त्या दिवशी साठीत पोहोचला होता. विस्थापनाची भरपाई तीस वर्षांनी मिळाली, तर ती विस्थापिताला मिळाली असे म्हणता येत नाही. फार तर त्याच्या वारसाला मिळाली असे म्हणावे.

दुसरे उदाहरण खुद्द वसईच्या भूमीवरील. १९८८ च्या सुमारास वसईचा विस्तीर्ण हिरवा पट्टा बांधकामास मोकळा करण्याचा निर्णय झाला. त्याविरुद्ध फादर फ्रान्सिस दिब्रिटो प्रभृतींच्या पुढाकाराने हरित वसईची चळवळ उभी राहिली. विहिरींच्या पाण्याचा बेसुमार उपसा आणि शेतीचा नाश हे तिचे मुख्य मुद्दे होते. त्या वादाची एक बाजू थोडी मागे राहिली, ती वाडीवर राबणाऱ्या मजुराची. वाडी विकली गेली तेव्हा ज्याचे नाव सातबाराच्या उताऱ्यावर होते, त्याला किंमत मिळाली. ती पुरेशी होती की नाही हा निराळा प्रश्न. परंतु जो आदिवासी मजूर वर्षानुवर्षे तेथे आळी करीत होता, केळीला पाणी देत होता, त्याचे नाव कोणत्याच उताऱ्यावर नव्हते. त्याची उपजीविका त्याच जमिनीत होती. पण कागदाच्या दृष्टीने तो तेथे कधी नव्हताच. ज्याचे नाव कागदावर असते त्याचे विस्थापन होते. ज्याचे नसते तो केवळ निघून जातो. त्या काळचे भरपाईचे कायदे मुख्यतः मालकीच्या पायावर उभे असल्यामुळे श्रमाच्या पायावर जगणारा मनुष्य त्यांच्या कक्षेत सहसा येत नसे.

या मजुरांपैकी कित्येकांच्या मागे कर्जाचा इतिहास होता. गिरणी संप सुरू झाला त्याच १९८२ साली, विवेक व विद्युल्लता पंडित यांच्या पुढाकाराने वसई तालुक्यातील वेठबिगारांच्या मुक्ततेच्या कामातून श्रमजीवी संघटना उभी राहिली. वेठबिगारी बंद करणारा केंद्रीय कायदा १९७६ मध्येच झालेला होता. एकीकडे मुंबईचा संघटित कामगार आपली पत गमावीत होता. त्याच वेळी पन्नास-साठ किलोमीटरवरचा आदिवासी मजूर मालकाच्या कर्जातून स्वतःचे शरीर सोडवून घेत होता.

हे कर्ज पुढे निराळ्या रूपाने चालू राहिले. जव्हार, मोखाडा, वाडा या भागांतील कातकरी व वारली कुटुंबे दिवाळीनंतर घराला काटी लावून वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडी परततात. निघण्यापूर्वी मालकाकडून उचल घेतलेली असते. पावसाळ्यात घरातील धान्य संपते, हाताला काम नसते, त्या वेळी ही उचल उपयोगी पडते. भट्टीवर मजुरी मिळते ती हजार विटांमागे आणि सबंध कुटुंबाला मिळून. नवरा चिखल तुडवितो, बायको साच्यात विटा पाडते, मुले त्या उलटतात. वहीत मात्र एकच नाव चढते. हंगामाच्या अखेरीस उचल, आठवड्याची खर्ची आणि पाडलेल्या विटा यांचा मेळ घातला जातो, आणि तो मेळ घालणारा मालकच असतो. पैसे फिटले नाहीत तर बाकी पुढील वर्षावर जाते. असा मजूर अधिक मजुरीच्या शोधार्थ स्थलांतर करतो असे म्हणणे सत्याला धरून नाही. गेल्या पावसाळ्यात त्याने जे खाल्ले, ते फेडण्यासाठी तो निघालेला असतो. शहराभोवती उठणाऱ्या इमारतींच्या भिंतींत या विटा बसतात. पण ज्याने त्या पाडल्या तो शहराच्या जनगणनेत नसतो, मतदारयादीत नसतो आणि बहुधा रेशनच्या यादीतही नसतो.

तिसरे उदाहरण अगदी अलीकडचे आणि सर्वांच्या स्मरणातील. २४ मार्च २०२० च्या रात्री देशभर टाळेबंदी जाहीर झाली. परप्रांतीय कामगारांसाठी पहिली श्रमिक गाडी १ मे रोजी सुटली. या मधल्या पाच आठवड्यांत मजुरी थांबली. भाडे थांबले नाही. पुष्कळांची शिधापत्रिका गावी, गहू-तांदूळ गावी, आणि भूक मात्र येथे अशी स्थिती होती. मे महिन्याच्या अखेरीस माणिकपुराजवळच वसईच्या सनसिटी मैदानावर उत्तर प्रदेशाकडे जाणाऱ्या गाड्यांसाठी हजारो माणसे उन्हात, बोचकी घेऊन गोळा झाली. त्या दृश्याकडे पाहून अनेकांना वाटले की हे लोक रोगाच्या भीतीने पळत आहेत. भीती होतीच, परंतु तिच्या मुळाशी साधा हिशेब होता. शहरात राहण्याचा रोजचा खर्च चालू आणि मिळकत बंद, अशा वेळी ज्याच्याजवळ शिल्लक नाही आणि ज्याला उधार देणारे कोणी नाही, त्याला उठण्यावाचून गत्यंतर नसते. ज्यांची शहरात पत होती ते राहू शकले. गाडीभाडेही कित्येकांनी कर्ज काढून जमविले होते. २८ मे रोजी सर्वोच्च न्यायालयाने या प्रवाशांकडून भाडे घेऊ नये असा आदेश दिला. तोपर्यंत अनेक गाड्या निघून गेल्या होत्या.

असा प्रसंग मुंबईवर पूर्वीही आला होता. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात प्लेगचे रोगी आढळले आणि त्या हिवाळ्यात शहराची जवळजवळ निम्मी वस्ती गावोगाव निघून गेली. गिरण्यांना माणसे मिळेनात. एरवी महिन्याचा पगार पुढल्या महिन्यात, तोही अडकवून ठेवून देणाऱ्या मालकांना रोजच्या रोज मजुरी चुकती करण्याची पाळी आली, आणि रस्त्यांच्या कोपऱ्यांवर कामगारांसाठी चढाओढीने बोली होऊ लागली. २०२० मध्येही टाळेबंदी सैल होताच तेच घडले. गेलेल्या मजुरांना परत आणण्यासाठी ठेकेदारांनी बसगाड्या धाडल्या, उचल दिली, आणि काही मोठ्या बांधकाम व्यावसायिकांनी विमानाची तिकिटेही काढून दिली. या दोन प्रसंगांतून एकच गोष्ट सिद्ध होते. मजुराच्या जाण्यायेण्याचा खर्च मालकाला झेपत नाही असे नाही. गरज पडली म्हणजे तो आनंदाने करतो. एरवी तो मजुराच्या माथी मारता येतो, म्हणून मारला जातो.

कायद्याला ही गोष्ट अज्ञात होती असेही नाही. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसंबंधीचा कायदा १९७९ मध्ये झाला. पाच किंवा अधिक असे कामगार ठेवणाऱ्या आस्थापनांना आणि ठेकेदारांना तो लागू होता. त्यात विस्थापन भत्ता या नावाची एक तरतूद होती. कामगार भरती होताच ठेकेदाराने त्याच्या मासिक वेतनाच्या निम्मी रक्कम अथवा ७५ रुपये, यांपैकी जी अधिक असेल ती द्यावयाची, आणि ती वेतनातून वळती करून घ्यावयाची नाही. याशिवाय गावाहून येण्याजाण्याचे भाडे आणि प्रवासाच्या दिवसांची मजुरीही देणे होते. म्हणजे बिऱ्हाड मोडणे हा खर्च आहे आणि तो लाभ घेणाऱ्याने सोसावा, हे तत्त्व संसदेने स्पष्ट शब्दांत मान्य केले होते. व्यवहारात मात्र ठेकेदाराने नोंदणी केली नाही आणि मजुराने मागणी केली नाही. शिवाय जो मजूर कोणाच्या भरतीवाचून आपण होऊन आला, त्याला तो कायदा लागूच नव्हता.

पुढे २०२० मध्ये संमत झालेल्या आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या नव्या कामगार संहितेत हा जुना कायदा विलीन झाला. नव्या संहितेने आपण होऊन आलेल्या कामगारालाही व्याख्येत घेतले, ही सुधारणाच म्हटली पाहिजे. प्रवासभत्ताही तीत आहे. परंतु पाचांची मर्यादा दहांवर गेली आणि विस्थापन भत्ता गळला. जो खर्च कधी दिला गेला नाही, तो आता देणे म्हणूनही उरलेला नाही. भत्त्याची रक्कम मोठी नव्हती हे खरे; पण हिशेबाच्या वहीत एक रकाना होता, तो पुसला गेला.

मग हा खर्च आजवर कोणी भागविला? याचे उत्तर एकाच शब्दात देता येते, आणि तो शब्द म्हणजे गाव. रत्नागिरीच्या गावांनी मुंबईच्या गिरण्यांना तरणी माणसे पुरविली. त्यांना लहानाचे मोठे केले ते गावाने. त्यांच्या बायकांची बाळंतपणे, त्यांची आजारपणे आणि त्यांचे म्हातारपण निभावले तेही गावाने. आज जौनपूर, गोरखपूर, मोखाडा, जव्हार येथील घरे तेच करीत आहेत. शहर तरुण हात घेते आणि थकलेले शरीर परत पाठविते. शहरातील बांधकाम स्वस्त पडते, घरकाम स्वस्त पडते, भाजी दारात येते, याचे एक कारण म्हणजे त्यातील काही भाग दूरच्या कोण्या घराने आपल्या तुटपुंज्या शेतीतून भरलेला असतो.

उपाय कठीण आहेत, पण अज्ञात नाहीत. पहिला उपाय मूळ गावीच करावयाचा. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून महाराष्ट्राने मागेल त्याला काम देण्याचे तत्त्व स्वीकारले आणि १९७७ मध्ये त्याचा कायदा केला. पावसाळ्याच्या तोंडी आणि दिवाळीपूर्वी, ज्या दिवसांत उचल घेतली जाते नेमक्या त्या दिवसांत काम आणि त्याचे पैसे वेळेवर मिळाले, तर भट्टीमालकाच्या उचलीची निम्मी शक्ती नाहीशी होईल. कामाची हमी वर्षाच्या बेरजेत असून भागत नाही. ती योग्य महिन्यात असावी लागते.

दुसरा उपाय असा की, मनुष्याचे हक्क त्याच्याबरोबर चालले पाहिजेत. २९ जून २०२१ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने शिधापत्रिका देशात कोठेही चालावी, अशी व्यवस्था सर्व राज्यांना लागू करावयास सांगितली. हेच तत्त्व शाळा आणि दवाखाना यांनाही लागू केले पाहिजे. आईबाप भट्टीवर गेले तरी मुलांना गावीच ठेवून घेणारी हंगामी वसतिगृहे महाराष्ट्रात चालविली गेली आहेत. ती वेळेवर उघडली तर मुलाचे वर्ष वाचते. बांधकाम मजुरांसाठी १९९६ च्या कायद्याने उपकरातून निधी उभारला, परंतु लाभासाठी वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला मागितला. ज्याचा ठेकेदार दर महिन्याला बदलतो, त्याने हा दाखला कोणाकडून आणावा? स्थिर माणसासाठी घातलेली अट फिरत्या माणसाला दार बंद करते, हे नियम करणाऱ्यांनी ध्यानात घ्यावयास हवे.

तिसरा उपाय ठेक्याच्या कागदातच करावयाचा आहे. सरकार, महानगरपालिका आणि मोठे बांधकाम व्यावसायिक यांनी काम देताना मजुराचे भाडे, राहण्याची सोय आणि विस्थापनाचा भत्ता हे खर्च सिमेंट-लोखंडाप्रमाणे अंदाजपत्रकात मांडावे आणि ते दिल्याची पावती पाहिल्यावाचून बिल मंजूर करू नये. यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

सुशिक्षित गृहस्थाच्या घरापुरतेही यात करण्यासारखे आहे. घराची डागडुजी निघाली की आपण ठेकेदाराशी दरासाठी घासाघीस करतो. त्याच वेळी माणसांची मजुरी दर आठवड्यास चुकती होते की नाही, हे विचारण्यास एक मिनिट लागते. घरकाम करणारी बाई गावी गेली म्हणजे तिचे दिवस कापण्यापूर्वी ती कोणत्या कारणाने गेली, हे विचारावे. ती परतल्यावर तिची जागा राखलेली असली, तर तिची पत शून्यावर येत नाही. वसईच्या गाड्यांतून रोज येणाजाणाऱ्यांपैकी पुष्कळांच्या घरी एका पिढीमागे कोणीतरी असेच बोचके घेऊन उतरले होते. त्या वेळी त्याला कोणी आठ दिवस थांबून भाडे घेतले असेल, कोणी उधारीवर जेवू घातले असेल. ते देणे ज्याचे त्याला फेडता येत नाही. जो आज उतरला आहे, त्याला ते द्यावयाचे असते.